पायाजोगं इंजिन

मत्सर हा पुस्तकातला शब्द झाला. आमच्याकडं त्याला पोटात दुखणं म्हणतात, आणि माझ्या पोटात एका माणसामुळं दहा-बारा वर्षं दुखत होतं. तो मूळचा सुपे गावचा, म्हणून सगळे त्याला सुप्याचाच म्हणायचे. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, धंद्यात तीन वर्षांनी मागून आलेला. मी मोटार मिस्त्री, तोही मोटार मिस्त्री. माझं गॅरेज केडगावात पुणे रोडला, त्याचं त्याच रोडला माझ्यापुढं पाच मिनिटांवर. नगरातून निघालेली गाडी आधी माझ्या दारावरून जायची. जायची म्हणजे जायचीच, थांबायची नाही. पुढं त्याच्या दारात थांबायची, आणि मी हातात पाना धरून तिच्या धुराकडं बघत बसायचो.

आम्ही दोघं एकाच वस्तादांच्या हाताखाली तयार झालो. त्यांचं वर्कशॉप झेंडीगेटात होतं. वस्तादांचा एक नेम होता, तो नगरात दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मी पाहिला नाही. कुठल्याही गाडीचं इंजिन खोलायच्या आधी मालकाला चालवायला बसवायचं आणि मिस्त्रीनं मागच्या सीटवर बसून त्याच्याबरोबर एक लांब फेरी मारायची. पुढं बसायचं नाही, कारण मिस्त्री शेजारी बसला की मालक परीक्षेला बसल्यासारखा चालवतो. मागं बसून बोलायचं नाही, शिकवायचं नाही. गिअर कधी टाकतो, क्लच कसा सोडतो, म्हैस आडवी आली की आधी ब्रेक मारतो का हॉर्न, एवढंच बघायचं. मग परत येऊन ठरवायचं की ह्या माणसाला कुठली कॅमशाफ्ट, केवढा कार्बोरेटर आणि हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, किती घासून प्लेन करायचं.

"गिऱ्हाईक तोंडानं कायबी बोलतंय," वस्ताद म्हणायचे. "तू त्याचा पाय बघ. पायाला खोटं बोलता येत न्हाई."

मला ह्या फेऱ्यांचा कंटाळा यायचा. मला इंजिन आवडायचं, माणसं नाही. सुप्याच्याला मात्र मागच्या सीटवर बसायला भारी आवडायचं. आधी तो सुप्याच्या एका कारखान्यात मशीनवर होता. तिथं आठ तास एकच भोक पाडून कंटाळला म्हणून ह्या धंद्यात आला. कदाचित म्हणूनच त्याला दर फेरीला नवीन माणूस भेटतो ह्याचं अप्रूप वाटत असेल.

एकदा शिर्डी-शिंगणापूर भाविकांच्या फेऱ्या मारणारा एक जीपवाला आला. म्हणाला, "वस्ताद, गाडी अशी करा की समद्यांच्या म्होरं पळाली पायजे." मी लगेच मनात जुळणी करून टाकली. मोठा कार्बोरेटर, तेज कॅमशाफ्ट. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला दांडा. व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, ते तो ठरवतो. जास्त वेळ उघडे ठेवले की इंजिन वरच्या फेऱ्यांत घोड्यासारखं पळतं, पण खालच्या फेऱ्यांत धापा टाकतं. वस्तादांनी आम्हा दोघांना त्या जीपच्या मागच्या बाकावर बसवून धाडलं. परत येईपर्यंत मी नव्या कॅमचीच स्वप्नं बघत होतो.

सुप्याचा उतरला आणि म्हणाला, "वस्ताद, ह्यो मानूस पळवतच न्हाई. तिसाच्या स्पीडला टाप गिअर टाकतो अन् उसाच्या ट्रॅक्टरमागं टापातच रांगतो. दर दोन मिन्टाला मागं वळून पाशिंजराशी बोलतो. ह्याला पळनारं इंजिन न्हाई, वढनारं इंजिन पायजे."

वस्तादांनी त्याचं ऐकलं. कॅम जुनीच ठेवली, कार्बोरेटरचं जेट बारीक केलं, टायमिंग जरा मागं घेतलं. आठ दिवसांनी जीपवाला पेढे घेऊन आला. "काय पळतीय गाडी!" म्हणाला. ती पळत नव्हती. आधीपेक्षा हळूच चालत होती. पण टापमध्ये रांगताना हिसके देत नव्हती, आणि त्या बाबाला पळणं म्हणजे तेवढंच पाहिजे होतं. पेढा मलाही मिळाला. मला तो कडू लागला.

हात माझाच चांगला होता, हे मी आजही सांगतो. व्हॉल्व्ह घासावेत तर मी, बेअरिंग बसवावं तर मी. सुप्याचा एक हेड बसवायला दीड दिवस लावायचा, मी सकाळी घेतलं की दुपारच्या डब्याआधी मोकळा. पण वस्ताद माझ्या हाताचं कौतुक करायला कधी घटकाभर थांबले, असं झालं नाही. "तुझा हात बेष्ट हाय," एवढं म्हणून ते त्याच्याकडं वळायचे आणि विचारायचे, "मंग, पाय कसा हाय गिऱ्हाइकाचा?" ते विचारणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही. पुढं वस्ताद गेले, वर्कशॉप बंद झालं, आणि आम्ही एकाच रोडला दोन गॅरेजं टाकली. बोलणं होतं, येणं-जाणं होतं. तो मला दादा म्हणायचा. मी त्याला हसून बोलायचो आणि घरी येऊन त्याच्या नावानं बोटं मोडायचो. बायको म्हणायची, "तुमचं अर्धं आयुष्य त्यांच्या गॅरेजात जातं, फक्त पगार मिळत नाही."

माझी स्वतःची एक गाडी होती. जुनी, चार सिलिंडरची, पेट्रोलवरची, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असलेली. ती मी भंगारातून उचलून उभी केली होती आणि तिच्यात माझी सगळी विद्या ओतली होती. तेज कॅमशाफ्ट, मोठा कार्बोरेटर, हेड चांगलं प्लेन करून घेतलेलं, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं जड चाक, लेथवर उतरवून हलकं केलेलं. फ्लायव्हील हलकं केलं की इंजिन पटकन चढतं. तितकंच पटकन पडतंही, पण माझ्या पायाखाली ते पडत नव्हतं. पुणे रोडला चास मागं टाकून कामरगावचा घाट लागला की मी तिसऱ्यात ओढून धरायचो, आणि ती असा सूर लावायची की माझं मला भरून यायचं. ती गाडी माझ्या पायाजोगी होती. मी त्या सुप्याच्याच्या गॅरेजपुढून तिला मुद्दाम फुल फेऱ्यांत काढायचो.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या वडिलांनी रेल्वेत गँगमन म्हणून उन्हातान्हात काम करून तिला डी. एड. केलं. नोकरी तिच्यासाठी नुसती नोकरी नव्हती, बापाला दिलेला शब्द होता. शाळा सुप्याच्या पुढं, आत सहा-सात किलोमीटर कच्च्या रस्त्यानं. सकाळच्या पारनेर गाडीनं ती जायची. एका वर्षी एसटीनं त्या गाडीची वेळ उशिराची केली आणि बाईंना रोज उशीर व्हायला लागला. मुख्याध्यापकांनी दोनदा लेखी विचारलं. गणपतीच्या सुमाराला एक दिवस तिनं जेवता जेवता सांगून टाकलं, "एक तर मी गाडी शिकते, नाहीतर तिथं खोली घेते. शनिवारी दुपारी येत जाईन, सोमवारी जात जाईन."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती तिकडं राहिली तर मी इकडं सहा दिवस भिंतींशी बोलणार. मी म्हणालो, "खोली-बिली काही नाही. गाडी दारात उभी आहे, मिस्त्री घरात आहे. शिकवतो."

शिकवलं कसलं, ओरडलो. केडगावच्या मैदानावर रोज सकाळी मी शेजारी बसून ओरडायचो. ती क्लच सोडायची, गाडी धाडकन बंद. ती परत चालू करायची, परत धाडकन. "पाय दे! पाय दे!" मी किंचाळायचो. ती पाय द्यायची, पण बेतानं, आणि माझ्या इंजिनाला बेतानं काही कळतच नव्हतं. रस्त्यावर काढलं तर चौकात गाडी बंद पडली आणि मागं ट्रकवाल्यांनी हॉर्नचा बाजार मांडला. ती म्हणाली, "अहो, हे इंजिन माझ्याशी भांडतं." मी म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं." मी हे हसून म्हणालो होतो. ती हसली नाही. ड्रायव्हिंगचं लायसन मात्र तिनं काढलं, दुसऱ्या एका शिकवणीवाल्याच्या गाडीवर. ती गाडी तिच्याशी भांडत नव्हती म्हणे. मी त्यावर डोकं चालवलं नाही.

दिवाळीची सुट्टी लागली आणि वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी पाथर्डीला गावी गेलो. डोळ्यात थेंब टाकायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पंधरा दिवस तिथंच राहिलो. परत आलो तेव्हा शाळा दोन दिवसांवर आली होती. केडगावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो तोच चहाच्या टपरीवाल्यानं हाक मारली.

"मिस्त्री, आयकलं ते खरं का? तुमच्या घरच्या गाडीला दुसऱ्याचा पाना लागला म्हनं!"

टपरीवरची सगळी खिदळली. मला आधी काही उमगलं नाही. उमगलं तेव्हा मी चहा न पिताच पिशवी उचलून घराकडं सुटलो.

गाडी दारात उभी होती. बायको बाजारात गेली होती. मी बॉनेट उघडलं. माझ्या मोठ्या कार्बोरेटरच्या जागी बारका, कंपनीचा. मी गाडी चालू केली. माझी गाडी उभ्या उभ्या जरा अडखळत धडधडायची, तेज कॅमचा तो गुणच असतो. ही गुमान चालत होती, शिलाई मशीनसारखी. म्हणजे कॅमही बदलली होती. ॲक्सिलेटर दाबला तर इंजिन सावकाश चढलं आणि सावकाश उतरलं. फ्लायव्हीलही जड बसवलं होतं. सहा वर्षांची माझी विद्या कुणी तरी पंधरा दिवसांत उपसून बाहेर काढली होती, आणि तो कुणी कोण हे विचारायची गरजच नव्हती.

मग मला क्लचचं पेडल दिसलं. त्याच्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं, कडा कातरून, नीट शिवल्यासारखं. मला कळेना हे कशाला. बायको आली तेव्हा आधी तेच विचारलं.

"मी डावी चप्पल काढून चालवते ना," ती म्हणाली. "चपलीतून क्लच कळत नाही मला. लोखंड टोचायचं पायाला. त्यांच्या लगेच ध्यानात आलं."

ती चप्पल काढून चालवते हे मला माहीत नव्हतं. मी महिनाभर तिच्या शेजारी बसून ओरडत होतो आणि एकदाही खाली बघितलं नव्हतं. त्यानं मात्र मागच्या सीटवर बसून तिच्याबरोबर शाळेपर्यंत फेरी मारली होती. एक नाही, चार. ती खुशीत सांगत होती. कामरगावच्या घाटात मी कुठला गिअर टाकते, शाळेच्या रस्त्याला शेळ्या आल्या की मी गाडी कशी नुसती सरकू देते, सुप्याच्या चौकात कारखान्याच्या बसेस सुटतात तेव्हा मी किती वेळ थांबते, सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, वहिनी, तुमचा पाय हलका हाय, तुमाला खालच्या फेऱ्यांत ताकद देनारं इंजिन पायजे. ती बोलत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. माझ्या बायकोचा पाय हलका आहे हे मला त्यानं सांगावं! मी अकरा वर्षं त्या पायांबरोबर संसार केला होता.

"आणि मला नाही विचारावंसं वाटलं?" मी म्हणालो.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात अंगण वाकडं."

मी तसाच त्याच्या गॅरेजात गेलो. तो एका टेम्पोखाली होता. बाहेर आला, हात पुसले, म्हणाला, "दादा, आधी च्या घ्या."

"माझ्या गाडीला हात कुणाला विचारून लावला?"

"वहिनींना इचारून."

"गाडी माझी आहे."

"व्हय, गाडी तुमचीच हाय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच मला जास्त झोंबलं. "पाय त्यांचा हाय."

मग त्यानं आतून एक गोणपाटाचं पोतं आणून माझ्यापुढं ठेवलं. गिऱ्हाइकाचे जुने पार्ट गिऱ्हाइकाला परत करायचे, ही वस्तादांचीच शिस्त. माझी कॅमशाफ्ट, माझा कार्बोरेटर, माझं फ्लायव्हील, सगळं ऑइलच्या फडक्यात गुंडाळून, बाळंतिणीचं सामान बांधावं तसं बांधलेलं. वर एक कोरं करकरीत हेडचं गॅस्केट. मला वाटलं चुकून आलं असेल. मी ते पोतं उचललं आणि चहा न पिताच दुसऱ्यांदा निघालो.

शाळा सुरू झाली. बायको सकाळी डबा भरायची, गाडी काढायची, जायची आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत परत यायची. एकदाही उशीर नाही. खोलीचं नावही तिनं परत काढलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता, कारण मला जे गमवायचं नव्हतं ते माझ्याच घरात राहिलं होतं. पण रोज संध्याकाळी ती दारातून आत यायची ती गुणगुणत यायची, आणि ते गुणगुणणं दुसऱ्याच्या हातचं होतं. मी कधी दुरुस्त केलेल्या मिक्सरला, पंख्याला, शिलाई मशीनला तिनं "छान झालं" म्हटलं होतं. "गाडी माझं ऐकते आता" असं ती रोज म्हणायची, माझ्या कुठल्या कामाबद्दल तसं कधी म्हणाली नव्हती.

एका रविवारी मी स्वतः गाडी घेऊन घाटाकडं गेलो. म्हातारी म्हैस! तिसऱ्यात ओढून धरलं तरी वर जायलाच तयार नाही. एका भाजीच्या टेम्पोनं मला मागं टाकलं. घरी येऊन मी म्हणालो, "ह्या इंजिनात दम नाही. पुढं जातच नाही."

ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कुठं कुणाच्या पुढं जायचंय? मला शाळेत जायचंय."

एखाद्यानं ह्यातून काही घेतलं असतं. मी राग घेतला. टपरीवाला रोज नवा विनोद करायचा. गिऱ्हाईकसुद्धा हसत विचारायचं, "मिस्त्री, तुमची गाडी तिकडं टाकता, मंग आमी आमची कुठं टाकू?" रस्त्यानं माझी गाडी गेली की मला बायको दिसायची नाही, त्याचं काम दिसायचं. रोज सकाळी माझ्या दारातून त्याचं इंजिन माझ्या बायकोला घेऊन जात होतं, आणि मी तिला टाटा करत होतो.

चौथ्या आठवड्यात तिच्या बहिणीचं डोहाळजेवण आलं. शनिवारी दुपारी शाळेतून येऊन ती एसटीनं श्रीगोंद्याला गेली, रविवारी संध्याकाळी परत येणार होती. तिची एसटी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी गाडी गॅरेजात घेतली. चेनपुली लावून गिअरबॉक्स उतरवला. पोतं सोडलं. शनिवारची दुपार आणि आख्खा रविवार मी एकट्यानं काम केलं. असं काम मी जन्मात केलं नसेल. एकही नट घसरला नाही. कॅमसाठी हेड उघडलं की त्याखालचं पातळ गॅस्केट नवंच लागतं; ते कोरं गॅस्केट पोत्यात होतंच, तेच वापरलं. रविवारी चारच्या सुमाराला गाडी चालू केली, आणि तो जुना अडखळता आवाज आला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी खाली वाकलो आणि स्क्रू ड्रायव्हरनं पेडलवरचं ते रबर खरवडून काढलं. बाकी सगळ्याबद्दल मी काही ना काही कारण सांगू शकतो. गाडी माझी, विद्या माझी, बिनपरवानगीचं काम. रबराबद्दल मला आजही काही सांगता येत नाही.

बायको आली ती डोहाळजेवणाच्याच गप्पा मारत. मी तिला काही बोललो नाही. मला काय हवं होतं ते मी लपवत नाही. सोमवारी सकाळी दारातच गाडी बंद पडावी, दोनदा, तीनदा, आणि तिनं आत येऊन म्हणावं, "अहो, बघा ना काय झालं." बस्स, एवढं एकदा म्हणावं. पुढं काय, तिची शाळा, ती खोली, ह्यातलं मी काही म्हणजे काहीच बघितलं नव्हतं.

सोमवारी ती डबा घेऊन बाहेर पडली. मी दात घासायच्या निमित्तानं ओट्यावर उभा. ती बसली, चावी फिरवली. गाडी अडखळत धडधडायला लागली. तिचा हात स्टिअरिंगवर तसाच थांबला. तिनं खाली पेडलकडं बघितलं, मग समोरच्या काचेतून सरळ पुढं. माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

मग तिनं पाय दिला. बेतानं नाही, चांगला भरून दिला. इंजिन वर चढलं, तिनं ते तिथंच धरून ठेवलं आणि क्लच अर्ध्यावर आणून अलगद सोडला. गाडी हलली आणि रस्त्याला लागली. पहिला लांब ओढला, दुसरा त्याहून लांब, आणि पुणे रोडला वळताना तिसरा पडला तो मी टाकतो अगदी तिथं पडला. माझ्या गाडीचा तो सूर मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून ऐकला. तोंडातला फेस तोंडातच राहिला.

दिवसभर माझ्या हातून एक काम धड झालं नाही. तेज इंजिन, कच्चा रस्ता, घाटातले ट्रक, आणि लोखंडी पेडलवर तिचा अनवाणी पाय. दुपारी मी दोनदा सायकल काढली आणि दोनदा परत लावली. संध्याकाळी दिवे लागायच्या आत गाडी दारात आली. ती उतरली, चप्पल हातात होती. आत आली, तोंड धुतलं, पदराला पुसलं.

"जमलं?" मी विचारलं.

"जमलं."

"कुणी शिकवलं असं चालवायला?"

"त्यांनीच," ती म्हणाली. "तुम्ही पाथर्डीला होता तेव्हा. गाडी खोलायच्या आधी दोन दिवस मला तुमच्या इंजिनावरच घाटात न्यायचे. म्हणाले, वहिनी, हेबी येऊ द्या हाताला. दादा महिनाभरात जुने पार्ट परत बसवत्याल, मंग तुमी अडकून पडाल."

मला पोत्यातलं ते कोरं गॅस्केट आठवलं. ते चुकून आलं नव्हतं.

"मला इतका राग आला त्यांचा," ती म्हणाली. "मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, तुम्ही त्यांना ओळखतच नाही. ते ओरडतील, चिडतील, पण असं नाही करायचे. चार दिवस धड बोलले नाही मी त्यांच्याशी." मग ती पीठ मळायला बसली.

खरं सांगतो, तेव्हासुद्धा मला आधी झोंबलं ते हेच की त्याचा अंदाज बरोबर निघाला. तिचा अंदाज चुकला होता, आणि तो मी चुकवला होता, हे माझ्या डोक्यात शिरायला जेवणं होईपर्यंत वेळ लागला.